सही घेऊन द्यायचे टपाल सोसायटीच्या सुरक्षारक्षकाकडे ठेवावे का?

प्रश्न : बीटवरचा पोस्टमन, नाशिक

नमस्कार. नाशिक शहराच्या बाहेरच्या अंगाला, जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत द्राक्षमळे होते आणि आता सात-सात मजली इमारती उभ्या आहेत, अशा भागात मी गेल्या वर्षापासून पोस्टमनचे काम करतो. सकाळी थैल्या उघडून टपालाची छाननी होते, प्रत्येक बीटची, म्हणजे एकेका पोस्टमनला नेमून दिलेल्या भागाची, वाटणी होते, मग मी माझे टपाल गल्ली आणि इमारतींच्या क्रमाने लावून घेतो आणि अकराच्या सुमारास बाहेर पडतो. साधी पत्रे खालच्या टपालपेट्यांत पडतात, त्यांचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो सही घेऊन द्यायच्या टपालाचा, कारण ज्या वेळेत माझा बटवडा चालतो नेमक्या त्याच वेळेत माझ्या बीटवरची निम्मीअधिक दारे बंद असतात. नवरा-बायको दोघेही सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आणि मुले शाळेत गेलेली असतात.

दार बंद दिसले की मी चिठ्ठी टाकतो, मोबाइलमधील ॲपवर तसा शेरा नोंदवतो आणि टपाल कार्यालयात परत नेतो. संध्याकाळी लोकांचा राग माझ्यावर निघतो. ‘खाली चोवीस तास रक्षक बसलेला असतो, त्याच्याकडे ठेवायला काय झाले?’ असे मला रोज दोघे-तिघे तरी विचारतात. काही जण ‘आम्ही घरातच होतो, तुम्ही वर आलाच नाहीत’ असेही म्हणतात, आणि ते ऐकताना फार वाईट वाटते, कारण उद्वाहक बंद असेल तेव्हा मी जिन्याने सहावा मजला गाठलेला असतो. दारावर पाटी घरमालकाची आणि पाकिटावर नाव भाडेकरूचे, घंटा बिघडलेली, अशा दारापुढे उभे राहून हाका मारण्यापलीकडे माझ्या हाती काही नसते.

मागच्या महिन्यात एका तरुणाचे पारपत्र आले होते. तो कारखान्यात दुसऱ्या पाळीत होता आणि वडील घरी होते. पारपत्र अर्जदाराच्याच हाती ओळखपत्र पाहून द्यायचे असते, म्हणून मी ते वडिलांना दिले नाही. त्यांनी साऱ्या इमारतीसमोर माझी अडवणूक केल्याचे सांगितले. पाचव्या दिवशी मुलगा कार्यालयात येऊन पारपत्र घेऊन गेला, पण ते गृहस्थ अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. ज्यांच्या दारी रोज जायचे त्यांच्याशी वितुष्ट घेऊन हे काम कसे करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : निवृत्त पोस्टमन, सातारा

तुम्ही पारपत्राच्या बाबतीत जे केले ते बरोबर केले, आणि वडिलांचा राग सोसावा लागला तरी यापुढेही तसेच करा. मी हे इतक्या ठामपणे का म्हणतो, ते सांगतो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या बीटवर एक विधवा बाई होत्या. त्यांचा मुलगा मुंबईहून दर महिन्याला मनिऑर्डर पाठवत असे. एकदा त्या शेतावर गेल्या होत्या, पाऊस जोरात होता, आणि त्यांच्या दिराने ‘द्या इकडे, मी देतो वहिनींना’ असे म्हटल्यावर मी त्यांच्या हाती पैसे दिले आणि सही घेतली. घर एकच, आडनाव एकच, त्यामुळे माझ्या मनात किंतुही आला नाही. त्या बाईंना ते पैसे कधीच मिळाले नाहीत. चौकशी झाली, रक्कम मी माझ्या पगारातून भरली, आणि ते योग्यच होते. पण मला आजही टोचते ते पैसे भरणे नव्हे. पुढचे दोन महिने मी दारात दिसलो की त्या बाई आधी माझ्या हातातली रक्कम दोनदा मोजायला शेजारणीला बोलवायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, अंगठा उठवताना साक्षीदार लागतोच, पण ते बोलावणे साक्षीसाठी नव्हते, हे मला कळत होते.

सुरक्षारक्षक प्रामाणिक असतो, तरी तो दर काही महिन्यांनी बदलतो, त्याची पाळी संपते, टेबलाच्या खणात पाकीट राहून जाते. पाकीट हरवले तर सहीच्या जागी नाव त्याचे असते आणि जबाबदारी तुमची असते. एक फरक मात्र लोकांना समजावून सांगा. साध्या स्पीड पोस्टचे पाकीट त्या पत्त्यावरच्या घरातल्या माणसाला देता येते, पण ज्यावर नोंदणीची सेवा घेतलेली आहे ते पाकीट पत्त्यातील व्यक्तीला किंवा तिने लेखी अधिकार दिलेल्या माणसालाच द्यावे लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि नोंदणी ही वेगळे शुल्क भरून घ्यायची जोडसेवा झाली, त्यामुळे लोकांचा गोंधळ अधिकच वाढला आहे. बाहेरून दोन्ही पाकिटे सारखीच दिसतात, आणि ‘काल शेजारच्यांचे आईकडे दिलेत, आज आमचे का नाही’ हा प्रश्न त्यातूनच येतो.

उत्तर : गृहनिर्माण संस्थेचा सचिव, ठाणे

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण आमच्याकडेही पोस्टमनशी असेच खटके उडत होते आणि त्यातला मोठा दोष आमच्या संस्थेचा होता, हे मला उशिरा कळले.

आमच्याकडे चार इमारती आहेत. नकाशात त्या अ, ब, क, ड आहेत. विकासकाने त्यांना फुलांची नावे दिली. आणि रहिवासी बँकेत, आधार कार्डावर, वाहन परवान्यावर वाटेल ते नाव लिहीत होते. एकाच सदनिकेचा पत्ता चार प्रकारे लिहिलेला आम्हाला सापडला. शिवाय अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरू येतात आणि जातात, पण त्यांची पत्रे पुढची दोन वर्षे येत राहतात. पोस्टमनने हे सारे तोंडपाठ ठेवावे अशी आमची अपेक्षा होती, आणि तो बदलला की आमच्या तक्रारी सुरू होत.

आम्ही पत्ता लिहिण्याची एकच पद्धत ठरवून ती सर्वांना कळवली. टपालपेट्यांवर मालकाबरोबर राहत्या कुटुंबाचेही नाव लावले आणि भाडेकरू बदलला की ती चिठ्ठी बदलण्याचे काम व्यवस्थापकाकडे दिले. ज्यांच्या घरी दिवसा कोणी नसते अशा कुटुंबांनी शेजारच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला टपाल घेण्याचा लेखी अधिकार दिला आणि ते पत्र नमुना सहीसह आमच्या टपाल कार्यालयात जमा केले. सुरक्षारक्षकाच्या नावाने असे पत्र कोणी द्यायचे नाही, हे आम्ही सभेतच ठरवले. आणि एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो: आमच्याकडे पोस्टमनला रहिवाशांच्या उद्वाहकातून जाऊ दिले जात नव्हते. सामानाचा उद्वाहक बंद असला की तो माणूस बॅग घेऊन जिने चढायचा. ही अट आम्ही काढून टाकली, आणि ती कोणी व कधी घातली हे सभेत कोणालाही सांगता आले नाही.

पिन कोडकडेही लक्ष द्यावे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा अंकी पद्धतीमागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या वेगवेगळ्या भाषा व लिप्या, यांतून वाट काढण्यासाठी ती आली. आज लोक जुन्या वस्तीचा पिन नव्या वस्तीसाठी लिहितात, मग पाकीट आधी चुकीच्या कार्यालयात जाते, तिथून वळते, आणि दोन दिवसांच्या उशिराचा दोष शेवटी दारात उभ्या असलेल्या माणसाला लागतो.

उत्तर : वकील, छत्रपती संभाजीनगर

पोस्टमनने लिहिलेल्या शेऱ्याला कायद्यात किती वजन आहे, हे लोकांना माहीत नसते, म्हणून थोडे लिहितो. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून, शुल्क भरून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, पोचली असे मानले जाते. धनादेश न वटल्याच्या प्रकरणात तर नोटीस मिळाल्यापासून रक्कम भरायला १५ दिवस मिळतात, म्हणजे पाकिटावरच्या तारखेवर पुढची सारी गणना अवलंबून असते.

‘वकिलाचे पाकीट आहे, घेऊच नका’ असा सल्ला घरोघरी दिला जातो. तो अतिशय हानिकारक आहे. ‘घेण्यास नकार’ असा शेरा आला की न्यायालय सामान्यतः नोटीस पोचली असेच धरते, आणि ज्याने ती घेतली नाही त्याला तिच्यात काय आहे हे कळतही नाही. माझ्या एका अशिलाने याच कारणाने उत्तर देण्याची मुदत गमावली. उलट, पाकीट रक्षकाच्या खणात पडून राहिले आणि सही मात्र झाली, तर ज्याला काहीच मिळाले नाही त्यालाच ते सिद्ध करत बसावे लागते. म्हणून या पोस्टमनने रक्षकाकडे पाकीट न ठेवण्यात रहिवाशांचेच हित आहे, आणि हे त्यांना अशा उदाहरणानेच पटेल.

उत्तर : एकटी राहणारी ज्येष्ठ रहिवासी, पुणे

वरचे सारे मान्य करूनही माझे एक म्हणणे आहे. मला गुडघ्यांचा त्रास आहे आणि दारापर्यंत यायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्यात ‘दरवाजा बंद’ अशी नोंद झाल्याचा संदेश माझ्या मोबाइलवर येतो, हे माझ्या बाबतीत दोनदा घडले. नंतर टपाल कार्यालयात जायचे म्हणजे मला रिक्षा करावी लागते, आणि सात दिवसांत गेले नाही तर पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जाते. पोस्टमनला दिवसभरात किती दारे गाठायची असतात याची मला कल्पना आहे. तरी ज्या घरात म्हातारे माणूस आहे तिथे घंटा वाजवून क्षणभर अधिक थांबावे, इतकी माझी विनंती आहे. त्याच पोस्टमनने नोव्हेंबरात घरी येऊन ७० रुपयांत माझा हयातीचा दाखला केला होता, तेव्हा अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नव्हता म्हणून तो जवळजवळ अर्धा तास बसला होता. म्हणून हे तक्रार म्हणून नव्हे, हक्काने लिहिले आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. पुण्याच्या आजींचे म्हणणे वाचून मी माझ्या बीटवरच्या घरांची मनात उजळणी केली. हळू चालणारी माणसे असलेली नऊ घरे मला आठवली, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी मीही घाईने खाली उतरलो होतो. त्या नऊ घरांची नोंद मी आजच वहीत केली आहे.

ठाण्याच्या सचिवांनी सांगितलेले अधिकारपत्र माझ्या तीन मोठ्या सोसायट्यांत लागू पडेल असे वाटते. आमच्या पोस्टमास्तरांशी बोललो, त्यांनी नमुना तयार करून देण्याचे मान्य केले आहे. पाठवणाऱ्याने पत्त्याखाली घेणाऱ्याचा मोबाइल क्रमांक लिहिला तर निम्म्या फेऱ्या वाचतील, हेही मी त्या नमुन्यासोबतच्या पत्रकात घालणार आहे. पारपत्र घेऊन गेलेल्या त्या तरुणाच्या घरचे एक बँकेचे पाकीट उद्याच्या टपालात आहे. साधे स्पीड पोस्ट आहे, वडिलांकडे देता येईल. देताना त्यांना दोन्ही पाकिटांतला फरक शांतपणे सांगून पाहतो.