मलबारी, टिळक आणि आमची गावकी

खाडीकाठचा: काल इथे कुणी लिहिलं, बेहरामजी मलबारी हेच खरे सुधारक, बाकी बोलघेवडे. राहवलं नाही. मुंबईत पत्र चालवणारा हा पारशी गृहस्थ १८८४ साली बालविवाहावर टिपणं काढतो, साहेबलोकांना वाटतो, विलायतेत जाऊन खटपट करतो आणि १८९१ ला मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं कायद्यातलं वय, दहाचं बारा होतं. ज्यांच्या घरचा प्रश्न, त्यांना विचारलं कुणी? आपल्या रत्नागिरीचे टिळक हेच सांगत होते: आधी लोकांना शिकवा, परक्या सरकारला माजघरात घेऊ नका.

मास्तरीणबाई: घरच्यांना? रखमाबाईंना विचारा की, लहानपणी लावून दिलेलं लग्न त्यांनी नाकारलं. १८८७ ला कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. आणि कलकत्त्याची फुलमणी जेमतेम दहा-अकराची, नवऱ्यापायी मेली. तिनं तुमचं शिक्षण होईस्तोवर थांबायचं होतं?

खाडीकाठचा: फुलमणीचं मान्य. पण कायदा राहिला कागदावरच. नाहीतर १९२९ ला बालविवाह रोखणारा शारदा कायदा कशाला लागला असता?

चाकरमानी: कागदावरचं आम्हाला सांगू नका. आजोबा जागेचा वाद कोर्टात घेऊन गेले म्हणून गावकीनं, म्हणजे गावच्या बैठकीनं, वाळीत टाकलं. गिरणीत दळण मिळेना. आजीच्या मयताला खांदा द्यायला मामाच्या गावचे आले. शिमग्याची पालखी अजून आमचं दार सोडून पुढे जाते. आता २०१६ चा बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. तक्रार दिली, तर ठाण्यात सांगतात, आपसात मिटवा.

पाटीलवाडी: गणपतीला चार दिवस यायचं आणि गावकीला नावं ठेवायची! देऊळ, पाखाडी, विहीर कुणी बांधली? वर्गणी भरता का वेळेवर? खोतांना, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांना, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नमवलं, १९३३ पासून सहा वर्षं जमिनी ओस ठेवून. खोती रद्द करणारा कायदा आला नंतर, १९४९ ला.

मास्तरीणबाई: मग १९३७ ला बाबासाहेबांनी विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं ते हौसेनं? आणि चरीत अख्खा गाव खोताविरुद्ध उभा होता. तुमचा गाव एका घराविरुद्ध उभा आहे. मोठा पराक्रम!

चाकरमानी: वर्गणी भरली होती हो. परत पाठवलीत. वाळीतल्यांचे पैसे देवाला चालत नाहीत म्हणे.

खाडीकाठचा: धागा मलबारींचा होता. असो. बारा वर्षांच्या पोरीला कायदा हवा, एवढं देतो. गावकीत पोलीस नकोत.

पाटीलवाडी: पालखी दारी हवी ना? आधी तक्रार मागे घ्या, मग बैठकीत बघू.

चाकरमानी: लेखी दिलंत, आभारी आहे. स्क्रीनशॉट घेतलाय.