लाकडी घाण्याच्या तेलाची जाहिरात : पटवणे कोठे संपते आणि फसवणे कोठे सुरू होते?

घाणेवाली, इतवारी

नागपूरच्या इतवारीत आमचा लाकडी घाणा आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला हा व्यवसाय गेली तीन वर्षे मी सांभाळते. शेंगदाणा, करडई आणि जवस अशी तीन तेले आम्ही काढतो. आजवर ओळखीच्या घरांवरच धंदा चालला. पण आता आसपास यंत्राच्या घाण्या वाढल्याने दिवाळीपूर्वी एका जाहिरात संस्थेकडून दुकानाच्या फलकासाठी आणि समाजमाध्यमांसाठी मजकूर करून घेतला. त्यांनी दिलेल्या मजकुरात ‘कोलेस्टेरॉलमुक्त तेल’, ‘हृदयविकाराला दूर ठेवते’ आणि ‘आज शेवटचा दिवस, 30 टक्के सूट’ या ओळी आहेत, शिवाय पांढरा कोट घातलेल्या एका गृहस्थांचे छायाचित्र आहे. सूट महिनाभर चालू ठेवायची, फक्त ओळ रोज तीच लावायची, असेही त्यांनी सुचवले. मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले की पहिली ओळ अक्षरशः खरी आहे, आणि उरलेले सगळेच लिहितात.

जाहिरात म्हटली की ती पटवण्यासाठीच असते, हे मला मान्य आहे. पण प्रामाणिक राहूनही ती परिणामकारक होऊ शकते का, आणि पटवणे व फसवणे यांतील रेषा नेमकी कोठे ओढावी, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

मजकूरलेखक, धरमपेठ

वीस वर्षांहून अधिक काळ मी जाहिरातींचा मजकूर लिहीत आलो आहे, म्हणून आधी त्या ‘अक्षरशः खऱ्या’ ओळीबद्दल लिहितो, कारण चारही गोष्टींत मला तीच अधिक धोक्याची वाटते. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांत असते. कोणत्याही वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतेच. म्हणजे आपल्या फलकावरील विधान शेजारच्या दुकानातील सर्वांत स्वस्त तेलालाही तितकेच लागू पडते. पण वाचणाऱ्याच्या मनात ‘इतर तेलांत ते असते’ असा समज तयार होतो, आणि तो समज खोटा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या म्हणूनच केवळ उघड खोट्या वर्णनापुरती मर्यादित नाही. सूचित केलेला अर्थ आणि हेतुपुरस्सर लपवलेली महत्त्वाची माहितीही तिच्यात येते. खाद्यतेलांच्या वेष्टनावर ‘अँटी-कोलेस्टेरॉल’ किंवा ‘हृदयाला सुखावणारे’ अशा अर्थाचे शब्द वापरण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे, ती याच कारणासाठी.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. जाहिरातीने आपल्यावर परिणाम कसा घडवला हे ग्राहकाला नंतर संपूर्ण उलगडून सांगितले, तर तो म्हणेल का, की ‘हरकत नाही, तरीही मी घेतलेच असते’? भावनेला हात घालणारी जाहिरात या कसोटीला उतरू शकते. आजीच्या हातची जवसाची चटणी आणि तिच्यावरची कच्च्या तेलाची धार हे चित्र दाखवले, तर त्यात फसवणूक नाही, कारण ती आठवण विदर्भातल्या माणसाची स्वतःचीच आहे. ‘आज शेवटचा दिवस’ मात्र दुसऱ्याच दिवशी उघडा पडतो.

टंचाईचा उल्लेख परिणाम करतो, यात शंका नाही. म्हणून तो करूच नये असे मी म्हणणार नाही. तो खरा असावा. लाकडी घाण्यावर एका दिवसात निघणाऱ्या तेलाला मर्यादा असते. ‘या आठवड्यात जवसाचे एवढेच तेल निघाले आहे’ असे आपण खरा आकडा देऊन लिहिले, तर घाईही निर्माण होईल आणि माहितीही मिळेल.

आता परिणामकारकतेविषयी. एकच विधान वारंवार ऐकले की ते अधिक खरे वाटू लागते, हे 1977 मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले. पुनरावृत्तीवर उभ्या असलेल्या जाहिरातींचे बळ त्यातच आहे, आणि म्हणूनच खोट्या विधानाची पुनरावृत्ती अधिक गंभीर ठरते. पण दुसरीही बाजू अभ्यासली गेली आहे. कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की ज्यांचे मत आधीपासून विरुद्ध होते त्यांना, आणि अधिक शिकलेल्यांना, केवळ अनुकूल बाजू मांडण्यापेक्षा दोन्ही बाजू मांडणारे निवेदन अधिक पटले. 1962 मध्ये एव्हिस या मोटारी भाड्याने देणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत हे स्वतःच जाहीर केले आणि त्यामुळे आपण अधिक कष्ट घेतो, असे सांगितले; ती मोहीम अतिशय यशस्वी झाली. एक उणीव आपणहून कबूल केली, की पुढच्या वाक्यावर ग्राहक विश्वास ठेवू लागतो.

आपल्या तेलातही अशी उणीव आहे. जवसाच्या तेलात ओमेगा-3 गटातील मेदाम्ल (शरीराला उपयोगी असा स्निग्ध घटक) भरपूर असते, पण त्याच कारणाने ते लवकर खवट होते, आणि तीव्र आचेवर त्यातील हा गुण टिकत नाही. सावजी रश्श्यासाठी हे तेल नेणाऱ्याला ओमेगा-3 चा लाभ सांगणे मला योग्य वाटत नाही. त्याला चव सांगावी. कच्चे तेल चटणीवर घेणाऱ्याला तो गुण सांगावा, आणि बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवून लवकर संपवावी, हेही त्याच फलकावर लिहावे.

ग्राहक कार्यकर्ता, सदर

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र कसोटीत एक भर घालावीशी वाटते. वाचणारा कोणत्या मनःस्थितीत आहे, हेही पाहिले पाहिजे. माझ्या वडिलांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातल्यानंतर घरात एका तेलाची अशीच जाहिरात आली. ‘हृदयाची काळजी आम्ही घेऊ’ अशा अर्थाचे तिच्यात काही होते. वडिलांनी तेल बदलले आणि आता गोळ्या कमी केल्या तरी चालतील असे स्वतःच ठरवले. त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागले. भ्यालेला माणूस जाहिरात तोलूनमापून वाचत नाही, तो आधार शोधत असतो, आणि अशा माणसाच्या भीतीवर माल विकणे मला कोणत्याही स्थितीत मान्य होणार नाही.

नियमांबाबत थोडक्यात सांगतो. एखादे अन्न रोग बरा करते किंवा टाळते, असा दावा करता येत नाही. डॉक्टरांनी व्यापारी उत्पादनांची शिफारस करण्यास 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मनाई आहे. त्यामुळे छायाचित्रातील गृहस्थ खरे डॉक्टर असतील तर तो त्यांच्याकडून नियमभंग ठरतो, आणि नसतील तर ती ग्राहकाची दिशाभूल आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा (दाव्याच्या मर्यादा सांगणारी टीप) हा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्यासारख्याच अक्षरांत असावा लागतो, म्हणजे मराठी दाव्याखाली इंग्रजीत बारीक टीप चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला 10 लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. मजकूर दुसऱ्याने लिहून दिला म्हणून आपली जबाबदारी टळत नाही. असे दावे इतर कोणाच्या फलकावर दिसल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

किराणा दुकानदार, सक्करदरा

गिऱ्हाईक दुकानात आल्यावर कोलेस्टेरॉल विचारत नाही, भाव विचारते. रिफाइंडपेक्षा घाण्याचे तेल इतके महाग का, या प्रश्नाचे उत्तर फलकावर नसेल तर बाकी काहीही लिहिले तरी ते परत जाते. एक किलो तेलासाठी साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात, हा हिशेब मी तोंडी सांगतो तेव्हा बहुतेकांचे समाधान होते. ताई, तो हिशेब आजच्या दाण्याच्या भावासह लिहून लावा.

घाणेवाली, इतवारी

सर्वांचे मनापासून आभार. संस्थेचा मजकूर मी परत केला. सासऱ्यांसोबत बसून नवा लिहिला आहे, तो असा :

‘आपल्यासमोर लाकडी घाण्यावर काढलेले शुद्ध, नैसर्गिक तेल. 1 किलो शेंगदाणा तेलासाठी सुमारे अडीच किलो दाणे लागतात. आजचा दाण्याचा भाव बाजूच्या पाटीवर पाहावा. जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून आम्ही ते लहान बाटलीत देतो आणि काढल्याची तारीख लिहितो. चटणीवर कच्चे घ्या. रश्श्याला वापरायचे असल्यास चवीसाठी घ्या.’

शेवटची दोन वाक्ये सासऱ्यांना विशेष आवडली. यात काही चुकत असल्यास निःसंकोच सांगावे.

मजकूरलेखक, धरमपेठ

‘शुद्ध, नैसर्गिक’ हे दोन शब्द काढावेत. अशा शब्दांच्या वापरावर 2018 च्या अन्नविषयक दाव्यांच्या नियमांत अटी आहेत, आणि तसेही प्रत्येक बाटलीवर हेच छापलेले असल्याने वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. ‘आपल्यासमोर’ हा शब्द मात्र मोठ्या अक्षरांत करावा, आणि घाणा रस्त्यावरून दिसेल अशा रीतीने दुकानाची समोरची बाजू मोकळी ठेवता येते का, ते पाहावे.