मदत हवी आहे : जुन्या पत्रकावर साल नाही, छापखाना डिरेक्टरीत नाही

वाचनकट्टा : नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाला एका सभासदाच्या घरून ट्रंकभर कागद भेट आले आहेत. संयुक्त महाराष्ट्र समितीचं निवडणुकीचं पत्रक, पत्र्याचे दोन बिल्ले आणि मुंबईच्या दोन जाडजूड डिरेक्टऱ्या (नाव-पत्त्यांची पुस्तकं). महाराष्ट्र दिनाला प्रदर्शन आहे. पत्रकावर साल नाही. खाली छापखान्याचं नाव आहे, ते डिरेक्टरीत शोधलं, मिळालं नाही. पत्ता नकाशावर टाकला तर तो रस्ताच नाही! पत्रक कोणत्या सालचं, कोणी सांगेल का? पाट्या छापायला द्यायच्या आहेत, त्यामुळे जरा लवकर.

जुळारी : डिरेक्टरी कोणत्या सालची? पत्ता काय? पत्रकावर मजकूर काय? फोटो टाका.

फोर्टवाला : यात शोधायचं काय? समिती ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झाली आणि १ मे १९६० ला राज्य आलं. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला होता, आज तिथे हुतात्मा चौक आहे. हे पाटीवर आलंच पाहिजे. नव्या पिढीला काही माहीत नाही.

वाचनकट्टा : फोर्टवाला, तो इतिहास प्रदर्शनात आहेच. मला या एका कागदाचं साल हवंय.

संग्राहक_दादर : बिल्ले विकणार का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वाचनकट्टा : नाही. वाचनालयाला भेट आलेली वस्तू आहे.

नीटनेटका : आधी पत्रक लॅमिनेट करून घ्या. आमच्या मंडळाच्या जुन्या अहवालांना केलंय, मस्त राहिलेत.

कागदवेडी : कृपा करून असलं काही करू नका! लॅमिनेशन परत काढता येत नाही, त्या उष्णतेनं आणि डिंकानं कागदाचं कायमचं नुकसान होतं. सेलोटेपही नको. आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा, गंजलेल्या टाचण्या असतील तर हळूच काढा, नोंद पेन्सिलीनं करा. बिल्ले त्याच फोल्डरमध्ये ठेवू नका, पत्र्याचा गंज कागदावर उतरतो.

नीटनेटका : आमचे अजून काही झालेले नाहीत. उगाच घाबरवू नका.

कागदवेडी : आज झाले नाहीत म्हणून उद्या होणार नाहीत असं नसतं. अहवाल पुन्हा छापता येईल, हे पत्रक कुठून आणणार?

चाळकरी : विषय निघालाच आहे तर विचारतो. माझे आजोबा गिरगावात चाळीत राहायचे, गिरणीत कामाला होते. या डिरेक्टऱ्यांत त्यांचं नाव मिळेल का?

जुळारी : चाळकरी, अवघड आहे. त्या डिरेक्टऱ्यांत सरकारी खाती, कंपन्या, धंदेवाले, वकील-डॉक्टर आणि बडे रहिवासी असायचे. चाळीतल्या भाडेकरूंची नावं नसत. जुनी मतदार यादी किंवा घरातल्या भाडेपावत्या बघा. वाचनकट्टा, तुमचं उत्तर अजून आलं नाही.

वाचनकट्टा : फोटो टाकायला कार्यकारिणीची परवानगी नाही. एक डिरेक्टरी टाइम्सची, दुसरी थॅकरची, दोन्ही दुसऱ्या महायुद्धाआधीच्या. पत्ता ‘गिरगाव बॅक रोड, मुंबई ४’. मजकूर नेहमीचाच, उमेदवाराचं नाव, झोपडीचं चित्र, ‘आपले मत झोपडीच्या पेटीतच टाका’ आणि खाली जाहीर सभा, रविवार ता. १७ फेब्रुवारी.

जुळारी : अहो ताई, साल तर तुमच्या हातातच आहे! १९५२ आणि १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. १९६२ पासून एकाच मतपत्रिकेवर सगळी चिन्हं आणि शिक्का. म्हणजे ‘झोपडीच्या पेटीत’ हे १९६२ चं असूच शकत नाही.

फोर्टवाला : झोपडी प्रजासमाजवादी पक्षाची, ती १९६२ लाही होती.

जुळारी : चिन्ह होतं, पेटी नव्हती. समितीतले पक्ष आपापल्या चिन्हावर लढले, म्हणून पत्रकावर समितीचं नाव आणि झोपडी दोन्ही आहेत. शिवाय वार बघा. १७ फेब्रुवारी १९६२ ला शनिवार होता, १९५७ ला रविवार.

कागदवेडी : १९५२ लाही १७ फेब्रुवारीला रविवारच येतो, आत्ताच मोजून पाहिलं.

जुळारी : बरोबर, पण तेव्हा समितीच नव्हती. १९५७ चं मतदान फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चाललं, त्याच्या तोंडावरची ही सभा. पाटीवर बिनधास्त ‘फेब्रुवारी १९५७’ लिहा.

आता छापखाना. गिरगाव बॅक रोड म्हणजे आजचा विठ्ठलभाई पटेल रोड. ‘मुंबई ४’ हा टपालाचा जुना विभाग, १९७२ ला पिनकोड आला तेव्हा तो ४००००४ झाला. युद्धाआधीच्या डिरेक्टरीत १९५७ चा छापखाना असेलच असं नाही, नंतर निघालेला असू शकतो. रहिवाशांच्या यादीत न बघता धंद्यांच्या विभागात, मुद्रकांखाली बघा, मालकाच्या नावानंही बघा. नाहीच मिळाला तरी बिघडत नाही, पत्रकावरची ओळ हाच पुरावा. १८६७ च्या कायद्यानं मुद्रकाचं नाव आणि गाव छापणं बंधनकारक होतं.

वाचनकट्टा : खूप खूप आभार! ‘पेटी’ महत्त्वाची असेल असं वाटलंच नव्हतं. आता बिल्ले. एकावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’, दुसऱ्यावर बैलजोडी. दुसरा प्रदर्शनातून काढू का? चळवळीच्या प्रदर्शनात काँग्रेसचा बिल्ला बरा दिसत नाही, असं आमचे चिटणीस म्हणतात.

संग्राहक_दादर : काढलात तर मला कळवा.

कागदवेडी : मुळीच काढू नका! दोन्ही एकाच ट्रंकेत आले आहेत, ते एकत्रच राहायला हवेत. बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंत काँग्रेसची होती, म्हणजे तो बिल्ला १९५७ चाही असेल, १९६७ चाही. ज्यांनी ट्रंक दिली त्यांना आजच विचारा, कोणता बिल्ला घरात कोण लावायचं. सांगणारं माणूस आहे तोवर लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, आणि ते टिपण बिल्ल्यांच्या नोंदीला जोडून ठेवा.

फोर्टवाला : आणि हुतात्म्यांची नावं?

वाचनकट्टा : काका, त्यांची वेगळी पाटी आहे. कागदवेडी, आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाते.