मदत हवी आहे : बंद दगडखाणीत टाकलेला रासायनिक गाळ कोणाचा, हे कसे सिद्ध करावे?

नमस्कार. आमचे गाव रायगड जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीला लागून आहे. गेल्या महिन्यात गावच्या हद्दीतील बंद दगडखाणीत रात्री दोनदा डंपर येऊन गेले आणि सकाळी तेथे फाटक्या गोण्यांतून बाहेर आलेला, पिवळट आणि उग्र वासाचा गाळ दिसला. गोण्यांवर ना नाव, ना लेबल. डंपरचा क्रमांकही कोणाला टिपता आला नाही. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर खाणीखालच्या उतारावर असल्याने पाऊस लागण्यापूर्वी हा गाळ उचलला जावा, ही आमची पहिली विनंती आहे. लेखी तक्रार दिली असून तिची पोच मिळाली आहे.

घातक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या नियमांनुसार कारखान्याला असा कचरा सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक काळ आवारात साठवता येत नाही, तो अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच पाठवावा लागतो आणि प्रत्येक खेपेसोबत फॉर्म १० मधील मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कोणी, किती आणि कोठे पाठवला याची नोंद असलेले कागदपत्र, असावे लागते. परंतु जी खेप मॅनिफेस्टशिवायच बाहेर पडली, तिचा माग कसा काढायचा? वसाहतीतील कारखान्यांना किती घातक कचऱ्याची परवानगी आहे आणि केंद्रात प्रत्यक्षात किती पोचला, हे आकडे माहिती अधिकारात मागवून कोणी ताळा करून पाहिला आहे का?

दुसरा प्रश्न नमुन्याचा आहे. आमचे सरपंच खासगी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या म्हणतात. पण १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अधिकारप्राप्त अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने नमुना घेतला नसेल, तर त्याचा अहवाल न्यायालयात ग्राह्य धरला जात नाही, असे माझ्या वाचनात आले. मग अधिकारी येईपर्यंत आम्ही पंचनामा, छायाचित्रे याखेरीज काय जपून ठेवावे? पुण्याच्या हरित लवादाकडे (पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) त्याच्या स्वतःच्या कायद्याच्या कलम १४ खाली जाण्यास सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून हे आताच विचारतो आहे. १९८४च्या वायुगळतीच्या भोपाळमधील कारखान्यातील सुमारे ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवायला २०२५चा जानेवारी उजाडला, ही गोष्ट मनातून जात नाही.

सध्या विहिरीचे पाणी पिणे बंद केले आहे आणि गुरे जाऊ नयेत म्हणून खाणीच्या वाटेवर काटेरी कुंपण घातले आहे. गोण्यांना हात न लावता वरून ताडपत्री टाकली, तर पुराव्यात ढवळाढवळ केली असे मानले जाईल का? जाणकारांनी याचे उत्तर कृपया आधी द्यावे.