मदत हवी आहे : वरून गळती, पण वरच्या काकूंना नोटीस कशी पाठवू?

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. बाथरूमच्या छताला ओल धरली आहे. आधी पावसाचं पाणी समजून सोडून दिलं, पण ऐन मे महिन्यातही थेंब पडतच होते. आता पोपडे सुटलेत, पिवळा डाग ट्यूबलाइटपर्यंत आलाय, आणि काल सासूबाईंच्या डोक्यावर प्लास्टर पडता पडता राहिलं. प्लंबर म्हणतो, वरच्या नहाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या जमिनीत पाणी जायच्या जाळीखाली असतं त्या भांड्याचा) जोड गेलाय. लाद्या उखडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल.

सोसायटी म्हणते, गच्ची आणि बाहेरचे पाइप आमचे, फ्लॅटच्या आतली गळती ज्याची त्याने बघावी. उपविधीही तेच सांगतात, मान्य आहे. पण वरच्या काकू सत्तरीच्या, एकट्या, पेन्शनवर. माझ्या बाळंतपणात वाटीभर अळिवाची खीर झाकून आणायच्या, जिने चढून-उतरून. त्यांना नोटीस द्यायला माझा हात धजत नाही.

लाद्या न फोडता सांध्यांत इपॉक्सी (सुकून कडक होणारा चिकट लेप) भरून कुणाची गळती थांबली आहे का? किती पावसाळे टिकलं? आणि खर्च निम्मा वाटून घेतला असेल, तर समोरच्याला न दुखवता विषय कसा काढलात? लवकर सांगा. त्या ट्यूबलाइटचं कनेक्शन बंद केलंय, सासूबाई बॅटरी घेऊन आंघोळीला जातात.