टपरीचा चहा, रविवारची शेवभाजी अन् बेडरूमातला एसी: यातलं सोडायचं काय?

तापीकाठ
मंडळी, भाषण द्यायला नाही आलो, डोक्याला ताप झालाय म्हणून लिहितोय. जळगावात राहतो, मी खाजगी नोकरीत, बायको शाळेत शिकवते, दोन पोरं. दोघं कमावतो तरी दर महिन्याच्या २२-२३ तारखेला घरात जी शांतता पसरते ती का पसरते ते बघायला जानेवारी ते मार्च वहीत हिशोब लिहिला. किराणा, फी, दवाखाना, हप्ता सोडून जे उरलं ते असं: माझा टपरीवरचा चहा दिवसाला तीन, १० रुपये कप, म्हणजे ९००. रविवारी चौघांचं शेवभाजीचं पार्सल, महिन्याचे १७५०. ओटीटी दोन, ५००. बायकोचं पार्लर ६००. पाण्याचा जार ४५०. एकूण ४२००, वर्षाचे ५०,४००. पोरीच्या अकरावीच्या क्लासची निम्मी फी निघते यात. माझं स्पष्ट मत आहे की ही गरज नाही, चैन आहे, अन् ती बंद केली पाहिजे. त्यात आता घरात एसीचा विषय निघालाय. बोला.

खमंग_शेव
भो, बाकी काहीही बोला पण शेवभाजीला चैन म्हणू नका. घरात भाजी नसली की आमच्या आज्या शेव टाकून रस्सा करायच्या, गरजेचं जेवण होतं ते. चैन झाली ती हायवेवरच्या हॉटेलांनी वर दोन बोटं तर्री आणली अन् ताटाला भाव लावला तेव्हापासून. पाव किलो तिखट शेव आणा, कांदा-खोबरं नीट काळं भाजा, आपला काळा मसाला टाका, भाकरी घरची. चौघांचं दीडशेच्या आत होतं. धुळ्यात आम्ही असंच करतो (जळगाववाल्यांची शेव बारीक असते, लगेच गाळ होतो, पण तो वेगळा वाद).

वाघूर_धरण
तापीकाठ दादांना फुल सपोर्ट. लोकांना कळतच नाही पैसा कुठून गळतो ते. साधं उदाहरण, मोबाईलचा रिचार्ज २८ दिवसांचा असतो, महिन्याचा नाही. वर्षात १२ नाही तर १३ वेळा भरता तुम्ही, चार फोन असतील तर चार रिचार्ज फुकट जास्तीचे.
एसीचं म्हणाल तर अजिबात घेऊ नका. कूलर २०० वॅटचा धरा, रात्री दहा तास चालला तर २ युनिट. दीड टनी एसी तासाला एक युनिट खातोच, म्हणजे १०. फरक ८ युनिटचा, महिन्याला २४०. १२ रुपयांनी धरलं तरी २८८० रुपये, अन् ३०० युनिटच्या वर गेलात की दराचा टप्पाच बदलतो ते वेगळं. आपल्याकडं मे मधी पारा ४५ ला जातो हे खरं, पण हवा कोरडी असते म्हणून कूलर मस्त चालतो. मुंबईवाल्यांनी एसी घ्यावा, त्यांचा नाइलाज आहे.

भुसावळकरीण
वाघूर भाऊ, कूलर पाण्यावर चालतो. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा बादल्या पितो. आमच्या गल्लीत नळ कितव्या दिवशी येतो ते विचारू नका, त्या बादल्या कोण भरतं तेही विचारू नका. युनिट मोजलेत, बादल्या नाही मोजल्या.

आता तापीकाठ दादा तुमच्यासाठी. यादी दोनदा वाचली. बायकोचं पार्लर ६०० बरोब्बर लिहिलंय. तुमचा फक्त चहा? केसांची कटिंग कितीला करता, संध्याकाळी मित्रांबरोबर बाईकवर राउंड मारता त्याचं पेट्रोल कुठंय, गुटख्याची पुडी खात नाही का तुम्ही? जळगावच्या ऑफिसातला माणूस अन् पुडी नाही, मला तरी पटत नाही. त्या पण शिकवतात ना शाळेत, पगार आणतात ना? मग यादीत त्यांचा खर्च "चैन" अन् तुमचा बाकीचा गायब कसा?

आणि जार चैन आहे हे कोणी ठरवलं? बोअरचं खारं पाणी पिऊन मुतखडा झाला तर किती लागतात ते पण एकदा वहीत लिहा.

रावेरची_केळी
मी शेतकरी माणूस, मला हा धागाच गंमतशीर वाटतोय. तुम्ही महिन्याचा हिशोब करता कारण तुम्हाला महिन्याला पैसा येतो. आमच्याकडं केळी कापली तेव्हा येतो, कापूस विकला तेव्हा येतो, मधले आठ महिने उधारीवर. माझा भाऊ कापूस करतो, गेल्या टायमाला ४० क्विंटल निघाला. क्विंटलमागं ५०० रुपये कमी मिळाले की २० हजार गेले, एका सकाळी, काट्यावर उभ्या उभ्या. टपरीचे दोन चहा वर्षभर पिले तर ७३०० होतात. म्हणजे जवळपास तीन वर्षाचा चहा त्या एका सकाळी गेला. मग कोणी मला सांगतो की चहा सोड, तर हसू येतं भो.

२०२१-२२ ला कापूस १० हजाराच्या वर गेला होता, आठवतं का? त्या वर्षी आमच्या गावात बुलेट आल्या, मोजून सांगतो, अकरा. पुढच्या वर्षी पण असाच भाव येईन म्हणून लोकांनी कापूस घरात कोंबून ठेवला, झोपायच्या खोलीत छतापर्यंत, पोरांच्या अंगाला खाज सुटली तरी विकला नाही. मग भाव उतरत गेला. २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ होता अन् बाजारात तेवढे पण सगळ्यांना मिळाले नाही. बुलेटचे हप्ते मात्र ठरल्या तारखेला. चैन ती होती. चहा नाही.

वाघूर_धरण
रावेर भाऊ तुमचं दुःख कळतं, पण याचा अर्थ पगारदारानं उधळावं असा होतो का? अमळनेरला जाऊन बघा. १९४५ ला तिथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढं विप्रो. ज्यांनी तेव्हा थोडे थोडे शेअर घेऊन कपाटात ठेवले त्यांच्या पुढच्या पिढ्या काय झाल्या ते सगळ्या खान्देशाला माहितीय. म्युच्युअल फंडात महिना ४२०० ची एसआयपी लावा, पंधरा वर्षानं माझी आठवण काढा.

खमंग_शेव
आली, विप्रोची गोष्ट आली! मी वाटच बघत होतो. अहो पैशाच्या प्रत्येक चर्चेत अमळनेर येतंच. त्यांनी चहा सोडून शेअर घेतले असं कोण म्हणतं? गावातली कंपनी म्हणून घेतले अन् बरेचसे विसरून गेले म्हणून टिकले. आमची आजी असती तर म्हणाली असती, चहा सोडीसन कोणी शेठ व्हयना नही.

अन् हिशोबात पण खोट आहे. टपरीचा चहा सोडला तर दादा चहाच सोडणार आहेत का? घरी पिणार. दूध ६० रुपये लिटर, वर साखर, पत्ती, गॅस, पाच रुपये तिथं पण लागतातच. ९०० चे ४५० वाचतील. अन् घरी तीनदा चहा मागितल्यावर काय ऐकावं लागेल त्याची किंमत मी लावू शकत नाही.

किटली_नं_१
मी चहावाल्याचा पोरगा. वडिलांची टपरी आहे स्टेशनजवळ, त्यावर माझं इंजिनीरिंग झालं. तुम्ही सगळे चहा सोडा, बिनधास्त सोडा, फक्त एवढं सांगा की उधारी मिटवून सोडा. बस.

अखाजी
सगळे दहा रुपयाला धरून बसलेत. लग्नाचं कोणी बोलेना. माझ्या चुलतभावाच्या हळदीला डीजे, लग्नाला वेगळा बँड, त्याच्या आधी प्री-वेडिंग शूट, अजिंठ्याकडं जाऊन धूर सोडून फोटो काढले. जेवढे त्या चार दिवसात गेले तेवढ्यात दादांची ही ४२०० ची चैन दहा वर्ष चालली असती. अन् कर्ज काढून बरं का. पार्लरचे ६०० दिसतात, डीजे "लोक काय म्हणतील" मधी जातो.

सोन्याचं पण तेच. आपल्याकडं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गुंजभर तरी घ्यायचंच. घ्या ना, पण दागिना घेताना घडणावळ किती लागली ते बघत नाही कोणी, वर ३ टक्के जीएसटी, मोडायला गेलं की घडणावळ शून्य.

भुसावळकरीण
अखाजी ताई (का दादा?), सोन्यावर नका येऊ. २०१९ ला तोळा ३५ हजाराच्या आसपास होता, २०२५ ला लाख ओलांडला. माझ्या सासूनं "चैन" म्हणून केलेल्या पाटल्यांवर नवऱ्याचं ऑपरेशन झालं. नवऱ्याची बाईक विकायला काढली तर भंगारवाला पण तोंड वाकडं करत होता.

आणखी एक सांगते. आमच्याकडं मागच्या वर्षी मी पहिल्यांदा उडदाचे पापड अन् कुरडया विकत आणल्या. घरात मोठी चर्चा, विकतचे पापड म्हणजे उधळपट्टी. मी नोकरी करते. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर चार सुट्ट्या घालवून, गहू भिजवून, चीक शिजवून, मनगटं धरून आली की मग ती बचत होते. माझी रविवारची झोप कोणत्या रकान्यात लिहायची सांगा.

वाघूर_धरण
ताई पण घरच्या बिबड्यांची, आपल्या ज्वारीच्या पापडांची चव...

भुसावळकरीण
मग या की एप्रिलमधी. ज्वारी भिजवून ठेवते.

रावेरची_केळी
हाहाहा. वाघूर भाऊ गेले वाहून.

तापीकाठ
दोन दिवस आलो नाही कारण वही परत काढून बसलो होतो. भुसावळकरीण ताईंचं लागलं होतं, खरं सांगतो.

प्रत्येक महिन्याच्या खाली माझ्याच अक्षरात एक ओळ आहे, "किरकोळ". जानेवारी १८६०, फेब्रुवारी १७४०, मार्च २२१०. बायकोला विचारलं यात तुझं काय काय आहे, ती म्हणे माझं सगळं तर तुम्ही वर नाव घालून लिहिलंय. मग आठवत बसलो. पुडी आहे. रात्रीचं पान आहे. संध्याकाळी मेहरुण तलावावर जायचं पेट्रोल आहे. एकदा ऑफिसातल्या पोरांना भरीत पार्टी दिली, मी दिली असं सांगितलं होतं, शेत दुसऱ्याचं होतं पण वांगी-तेल-पुऱ्या माझ्या. महिन्याला सरासरी १९०० च्या वर, अन् वरच्या यादीत माझ्या नावावर फक्त चहा.

तरी माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. ५० हजार म्हणजे ५० हजार, ते गळतात हे खरंच आहे. फक्त यादी चुकली होती. ओटीटी एक बंद केलं, कोणाला कळलं पण नाही. जार चालू.

वाघूर_धरण
दादा पुडीवर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. सोडलीत तर बचत पण होईल अन् कायदा पण पाळला जाईल.

तापीकाठ
बंदी आहे म्हणूनच महाग मिळते ना भाऊ. प्रयत्न चालूय, चौथा दिवस आहे, जास्त बोलू नका.

खमंग_शेव
अन् एसीचं काय ठरलं? रविवारच्या शेवभाजीचं?

तापीकाठ
एसी जूनपर्यंत ढकललाय. पाऊस पडला, हवा दमट झाली की कूलर निकामी होतो हे बायकोला माहितीय, त्यामुळं विषय संपलेला नाही. सध्या कूलरचं गवत बदललं, पंप नवा टाकला, ६५० रुपये लागले, वेगळे लिहिलेत, किरकोळात नाही. बादल्या मी भरतो.
शेवभाजी एक रविवार घरी, एक रविवार पार्सल. काल घरची होती, मीच केली. शेव आधीच टाकून ठेवली, गाळ झाला.

खमंग_शेव
जळगावची बारीक शेव घेतली असणार.