चार टॅग शिकल्यानं कोणी लहान होत नाही

गोदाकाठचा
काल कॉलेजरोडकरांनी लिहिलं, "पोस्टमध्ये टॅग टाकणारे उगाच भाव खातात. ठळक करायला बटण असतं. नसेल तर साधं लिहा, कोणाचं काय अडतंय?" टॅग म्हणजे कोनी कंसात लिहायच्या एचटीएमएलच्या खुणा, मजकूर कसा दाखवायचा ते त्या ब्राउझरला सांगतात. रात्री वाचून सोडून दिलं होतं. सकाळी पुन्हा समोर आलं, आता राहवत नाही.

पहिलं म्हणजे बटण सगळीकडे नसतं. असलं तरी ते पडद्यामागे टॅगच लिहितं. वर्डमधून मजकूर उचलून चिकटवणाऱ्या बटणवाल्यांच्या पोस्टी बघा: तीन तऱ्हेची अक्षरं, मध्येच एक निळी ओळ, दोन परिच्छेदांत हातभर रिकामी जागा. ते कसं काढायचं हे बटणाला विचारा! मागचा कोड उघडला की एकेका ओळीभोवती स्पॅन टॅगच्या गुंडाळ्या दिसतात. टॅग येत असतील तर ते झटक्यात साफ होतं.

आणि शिकायचं तरी किती? ठळकला बी, ओळ तोडायला बीआर, परिच्छेदाला पी, लिंकला ए. उघडलेला टॅग तिरकी रेघ देऊन बंद करायचा, बीआरला तेही नको. जुन्यांना आठवत असेल, एकानं बी उघडा ठेवला की खालचे सगळे प्रतिसाद ठळक. अख्खं पान अंगावर ओरडायचं. पण शिव्या खाऊन का होईना, लोक शिकले.

कॉलेजरोडकर
खास माझ्यासाठी धागा? आभारी आहे. ज्याच्याकडे सांगण्यासारखं असतं तो साध्या अक्षरांत सांगतो, एवढंच म्हणणं होतं. 27 फेब्रुवारीला बघा. कुसुमाग्रजांच्या नाशकात मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा लाल, हिरव्या, जांभळ्या, वर मधोमध आणलेल्या. ही सगळी तुमचीच टॅगवाली मंडळी.

गोदाकाठचा
रंगाचं खापर माझ्यावर फोडू नका. रंग देणारा फॉन्ट आणि मधोमध आणणारा सेंटर हे टॅग वापरू नका असं 1997 सालीच एचटीएमएल 4 मध्ये सांगून झालंय. 2014 च्या एचटीएमएल 5 मध्ये तर ते बादच केले.

सिडकोची ताई
भांडणात पडायचं नाही, पण मी कविता टाकली तेव्हा सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून सलग परिच्छेद झाला. लोकांनी खाली "छान लेख" लिहिलं! नंतर भाच्यानं सांगितलं की साध्या एचटीएमएलमध्ये एंटर मारा नाहीतर दहा स्पेस द्या, ब्राउझर ते एकच स्पेस धरतो. ओळीओळीला बीआर टाकला तेव्हा कडवी उभी राहिली. आता आवडीचे शब्द आय टॅगनं तिरपेही करते.

पिंपळगावचा बागायतदार
द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी-भुरी या रोगांवर मारायच्या औषधांचा तक्ता टाकायचाय. औषध, मात्रा, तारीख असे रकाने. स्पेस देऊन जुळवले तर पोस्ट केल्यावर सगळे कोसळतात. शिवाय मागं एकदा गणितातलं 'पेक्षा लहान'चं चिन्ह टाकलं, तर त्यापुढचा मजकूरच गायब. कोणी सांगेल का?

गोदाकाठचा
भाऊ, त्या चिन्हाला साइट टॅगची सुरुवात समजली. चिन्हाऐवजी अँपरसँड, एल, टी आणि सेमीकोलन असं सलग लिहा, वाचणाऱ्याला चिन्हच दिसेल. तक्त्याचं, म्हणजे टेबल टॅगचं, संध्याकाळी सांगतो.

निवृत्त जुळारी, रविवार कारंजा
टॅगचं तुमचं चालू द्या. ताई, ते तिरपं तेवढं बंद करा. आम्ही छापखान्यात धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो तेव्हा शब्दावर जोर द्यायचा तर काळा टाइप लावायचा, नाहीतर अवतरणचिन्हं. तिरपं हे इंग्रजीचं खूळ. बहुतेक मराठी फॉन्टांत तिरपी अक्षरं नसतातच, मग ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून वाकवतो. शिरोरेघ जागच्या जागी आणि काना वाऱ्यात सापडलेल्या उसासारखा. अधोरेखन तर त्याहून वाईट. 'कुटुंब' लिहून यू टॅग लावा. कुठे रेघ उकार कापते, कुठे उकारापाशी स्वतःच तुटते.

कॉलेजरोडकर
चला, एक तरी माणूस माझ्या बाजूचा निघाला.

निवृत्त जुळारी, रविवार कारंजा
तुमच्या बाजूचा नाही. ठळक मला हवंच आहे.

अंबडचा डिझायनर
काका, दैनिकं तिरपी देवनागरी कित्येक वर्षं छापतायत, कोणाचे डोळे गेले नाहीत. पॉपिन्ससारख्या फॉन्टात तर देवनागरीची तिरपी अक्षरं वेगळी आहेत. तुमचा खिळ्यांचा जमाना गेला, सोडा आता.

निवृत्त जुळारी, रविवार कारंजा
असतील एखाद्या फॉन्टात. ही साइट तो फॉन्ट वापरते का? नाही ना? मग इथे वाकडंच दिसणार. आणि जमाना गेला म्हणे! खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचून जुळणी तपासलीय आम्ही. तू काल काय टाइप केलंस तेही तुला स्पेलचेकर सांगतो.

अंबडचा डिझायनर
एवढा अभिमान आहे तर नाशिकरोडला नोटा छापायला जायचं होतं ना.

गोदाकाठचा
भो, वयावर आणि नोकरीवर जायचं काम नाही. काकांचं अधोरेखनाचं खरं आहे, शिवाय लोक त्याला लिंक समजून टिचकी मारत बसतात. तिरप्याबद्दल मात्र मी डिझायनरच्या बाजूनं. काका, रागवा हवं तर.

सिडकोची ताई
माझी कविता आहे, मी तिरपीच ठेवणार. नाही बघवत तर डोकं तिरपं करून वाचा.

इंदिरानगरकर
तुमचं दिसण्यावरून चाललंय. माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही, तो एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकतो. तुमचं ठळक काय, तिरपं काय, त्याला ऐकूच येत नाही, मुळात ती सेटिंग बंद असते. तो एच हे बटण दाबत मथळ्यामथळ्यावर उड्या मारतो. मथळा एच टू टॅगमध्ये असेल तर सापडतो, नुसता बी लावून ठळक केला असेल तर त्याच्या लेखी तिथे मथळाच नाही. मग लांबलचक पोस्ट पहिल्यापासून ऐकत बसतो बिचारा.

कॉलेजरोडकर
बरं बाबा, बीआर मंजूर, कवितेपुरता. एच टू पण मंजूर, इंदिरानगरकरांच्या भावासाठी. बाकीच्या टॅगांचं गोदाकाठच्यांनी लोणचं घालावं.

पिंपळगावचा बागायतदार
टेबलाचं राहिलं.

गोदाकाठचा
सुरुवातीला टेबल उघडा. आत प्रत्येक आडव्या ओळीला टीआर, ओळीतल्या प्रत्येक घराला टीडी, वरच्या रकान्यांच्या नावांना टीएच. उघडला तो प्रत्येक बंद करा, शेवटी टेबलही बंद.

कॉलेजरोडकर
एका तक्त्याला एवढा खटाटोप? वहीत लिहा, फोटो काढा, टाका.

इंदिरानगरकर
फोटोतला तक्ता स्क्रीन रीडर कसा वाचणार? वर कोणासाठी लिहिलं मी?